लोणचं म्हणायचं नाय

लोणचं मुरायला किती दिवस लागतात, सांगा बघू?

तुम्ही म्हणाल महिना, पंधरा दिवस, निदान आठवडा तरी. आमचं तासाभरात मुरतं. पाहुणा येऊन हातपाय धुतो, खाटेवर टेकतो, दोन गोष्टी बोलतो, तोवर काकडी खाण्याजोगी झालेली असते. आणि संध्याकाळी बरणी धुवून पालथी. त्यामुळे आमच्याकडे लोणचं कधी साठत नाही, साठतात ते किस्से. कोणी घरी आलं की मी एक सांगायला घेते, त्याच्या मागोमाग दुसरा येतो, आणि सगळ्यांचा चहा गार होतो. शेवटी आमची नयना म्हणाली, "आई, एकदा लिहून काढ सगळे. निदान चहा तरी गरम मिळेल." म्हणून बसले लिहायला.

आधी माणसं सांगते. शहापूरहून मुरबाडकडे येणाऱ्या रस्त्याला आमचं गाव आहे. फाट्यावर एक पत्र्याची शेड आहे, तिथे आम्ही बचत गटाच्या चौघी तांदळाच्या भाकऱ्या करून विकतो. सोबत झुणका, ठेचा, कधी सुकटीची चटणी. मी सुनंदा, दहावीपर्यंत शिकलेली, त्यामुळे पाहुण्यांशी बोलायचं काम माझं. कमळवहिनी आमच्यात मोठ्या. त्यांची भाकरी तव्यावर फुगली नाही, असं मी अजून पाहिलेलं नाही. सारिका ही त्यांची सून, माहेर खर्डीचं. आणि हिराबाई डोंगराकडच्या वाडीवरची, भाजीपाला तिच्या मळ्यातून येतो. नयना माझी मुलगी. आसनगावहून रोज कल्याणला एका ऑफिसात जाते, आणि घरात नवीन खूळ आणायचं काम तिचं. काकडीचं खूळ तिचंच.

* * *

तिच्या ऑफिसात कोणीतरी डब्यातून काकडी आणली होती. आंबट, गोडसर, कुरकुरीत. हिला ती इतकी आवडली की तिथूनच मला फोन. "आई, रविवारी आपण काकडी पिकल करूया. हिराबाईंना सांगून ठेव."

मी हिराबाईला जसंच्या तसं सांगितलं. "हिराबाई, रविवारी काकडी पिकल पाहिजे."

"पिकल?"

"हां, पिकल."

ती थोडी थांबली. माझ्याकडे बघितलं, वर आभाळाकडे बघितलं, आणि "बरं ताय," म्हणून गेली.

रविवारी डोक्यावर पाटी घेऊन आली. पाटी उतरवायला दोघी लागल्या. आत बघते तर हे एवढाले पिवळेजर्द तवसे, पाठीवर भेगा पडलेले, एकेक हातात घेतला तर मूल उचलल्यासारखा.

"हे काय गो?"

"पिकल काकडी. तूच बोललीस ना." मग जरा दुखावल्यासारखी म्हणाली, "बियाला राखलेली व्हती. आढ्याला टांगलेली काढून आनली. आता येवढी पिकल काकडी आख्ख्या वाडीत कोणाकडं नाय."

नयनाला हसू आवरेना. कसंबसं तोंड धुऊन तिने हिराबाईला समजावलं की पिकल म्हणजे इंग्रजीत लोणचं. हिराबाईने नीट ऐकून घेतलं.

"आन आपन पिकलेली बोलतो, तिला इंग्लिशमधी काय बोलतात?"

"राईप."

"मंग तसं सांगायचं ना," हिराबाई म्हणाली, "राईप नको म्हनून."

बिया तिने पदरात बांधून परत नेल्या. बाकीचं किसून, गूळ आणि तांदळाचं पीठ घालून हळदीच्या पानांत उकडलं. तो रविवार आमचा गोडाचा झाला.

* * *

पुढच्या खेपेला कोवळ्या काकड्या आल्या, पण व्हिनेगर नव्हतं. मी आणि सारिका शहापूरच्या बाजारात गेलो. दुकानदाराने विचारलं, "चायनीजचं देऊ का?"

मला काय माहीत त्यात जाती असतात. म्हटलं, "हो, तेच."

"प्लेटा किती जातात?"

मला वाटलं भाकरीच्या विचारतोय. "रविवारी बऱ्याच जातात," मी सांगितलं.

"चालणारच," तो म्हणाला. "त्या रस्त्याला कोणाचीच गाडी नव्हती."

आम्ही घरी पोहोचायच्या आधी बातमी पोहोचली होती. सुनंदाने फाट्यावर चायनीजची गाडी टाकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किन्हवलीकडची तीन पोरं बाइकवरून उतरली आणि थेट वहिनींना म्हणाली, "काकू, हाफ मंचुरियन, ड्राय."

वहिनींनी तव्यावरची भाकरी उलटली. "ड्राय नाय बाला. आज ओला झुणका हाय."

पोरं एकमेकांकडे बघत बसली. वहिनींनी पुढ्यात ताटल्या ठेवल्या: भाकरी, झुणका, बाजूला व्हिनेगरातली काकडी. पोरांनी सगळं चाटूनपुसून खाल्लं. जाताना एकाने बाइकला किक मारता मारता ओरडून सांगितलं, "काकू, चायनीज एक नंबर!"

वहिनी अजून विचारतात, आपण त्या दिवशी चायनीज कधी केलं होतं?

* * *

करायला काही अवघड नाही. मी येईल त्याला सांगते, तुम्हालाही सांगते. कोवळी काकडी घ्यायची, कडू आहे का ते देठाकडून चाखून बघायचं. पातळ चकत्या करायच्या, मीठ चोळून ठेवायच्या. सुटलेलं पाणी पिळून टाकायचं, हे महत्त्वाचं, नाहीतर कुरकुरीतपणा जातो. व्हिनेगर आणि पाणी सारखं घेऊन त्यात साखर विरघळेपर्यंत गरम करायचं. मोहरी, लसणाच्या दोन पाकळ्या, एक हिरवी मिरची. ते जरा निवलं की काकडीवर ओतायचं. झालं. उन्हात ठेवणं नाही, दादरा बांधणं नाही, रोज हलवणं नाही.

पण आमच्या शेडमध्ये एक गोष्ट अवघड होती. आणि ती काकडीत नव्हती.

सारिका लग्न होऊन आली त्या पहिल्याच वर्षी तिने हौसेने कैरीचं लोणचं घातलं होतं. गौरीगणपतीला बरणी उघडली तर वर पांढरी बुरशी. कमळवहिनी तशा शांत बाई. ओरडल्या नाहीत, काही नाही. एवढंच म्हणाल्या, "लोणच्याला हात नाय हिचा." तेव्हापासून त्यांच्या घरात कैऱ्या फोडायला घेतल्या की सारिकाला काहीतरी काम काढून बाहेर पाठवायचं. कधी दळणाला, कधी माहेरी. बरणीला हात लावायचा नाही.

मला याचं नवल वाटायचं. वहिनींच्या सासूबाई आमच्या बुद्धवाड्यात पाणीसुद्धा घेत नसत. वहिनींनी हे सगळं कधीच मागे टाकलं. माझ्या ताटातली भाकरी त्या हक्काने तोडून घेतात. आणि स्वतःच्या सुनेच्या हाताबद्दल मात्र एवढी अढी.

सारिका कधी उलट बोलली नाही. एकदाच, बरण्या धुताना मला म्हणाली, "ताई, मला लोणचं घालायची हौस हाय असं नाय. पण माझी पोरगी आता मोठी होतेय. उद्या तिलापण बोलतील, आईवर गेलाय हात. त्याच्या आत हे पुसलं पायजे."

तर पहिल्या दिवशी काकडी करायला सारिका पुढे आली, तेव्हा आम्ही तिघी वहिनींकडे बघायला लागलो. वहिनी पीठ मळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "करू दे. पण लोणचं म्हणायचं नाय."

"मग काय म्हणायचं?" मी विचारलं.

"कोशिंबीर."

तेव्हापासून आमच्याकडे ती कोशिंबीर. पाहुणे विचारतात, "मावशी, हे लोणचं कशाचं?" वहिनी सांगतात, "कोशिंबीर हाय." "लोणच्यासारखी लागते हो." "लागू दे. कोशिंबीर हाय." एका माणसाने फारच लावून धरलं. म्हणाला, "अहो, बरणीत आहे, व्हिनेगर आहे, मोहरी आहे, मग लोणचंच ना?"

वहिनी म्हणाल्या, "तुमी पण शर्ट-पँटमधी हाय, म्हणून काय साहेब झालात?"

तो मुकाट्याने खाऊ लागला. नंतर कळलं, साहेबच होता.

* * *

मीठ लावलेली काकडी पिळायला स्वच्छ पांढरा कपडा लागतो, असं नयनाने सांगितलं होतं. घाईत काही सापडेना. नयनाच्या बाबांचा मोठा पांढरा रुमाल दोरीवर होता, तो घेतला. ओतताना सांडलेलं व्हिनेगर, मोहरी, लसूणही त्यानेच टिपलं. काम झाल्यावर धुतला, वाळवला, घडी करून कपाटात ठेवला. मनात म्हटलं, कोणाला कळणार आहे.

पौर्णिमेला ते पांढरे कपडे करून विहारात गेले. वंदना झाली. सगळे डोळे मिटून बसले. पंखा बंद होता, यांना घाम आला, यांनी रुमाल काढला आणि झटकला.

लसूण, मोहरी आणि व्हिनेगर. आधी शेजारच्याने डोळे उघडले. मग मागच्या रांगेने. शेवटच्या रांगेपर्यंत वास पोहोचला, पण कोणी काही बोललं नाही, कारण शांत बसायचं होतं. कार्यक्रम संपला, तरी माणसं उठेनात. एकेक जण सरकून भिंतीला पाठ लावून ओळीने बसायला लागला. शेवटी एका म्हाताऱ्या काकांनी यांना हळूच विचारलं, "बाला, भोजनदान कोणाकडून हाय?"

त्या दिवशी भोजनदान नव्हतं. पण पुढच्या पौर्णिमेपासून सुरू झालं, आणि काकडी आमच्याकडे लागली. ती सारिकाने केली. विहारात सगळ्यांनी विचारलं कोणी केली, मी सारिकाचं नाव सांगितलं. ते वहिनींच्या कानावर गेलं.

"नाव कशाला घेतलंस?" त्या मला म्हणाल्या. "गटाची हाय म्हणायचं."

"तुम्ही भाकरी केलीत तर मी तुमचं नाव घेते की."

"भाकरीची गोष्ट येगळी," वहिनी म्हणाल्या, आणि विषय संपला.

* * *

मुंबईकडची माणसं शनिवारी-रविवारी फार येतात. पोटभर खातात, पण खाण्याआधी चौकशी फार. एकदा काळा चष्मा लावलेल्या एक बाई आल्या. मी आत होते, समोर हिराबाई एकटीच.

बाईंनी बरणी उचलून उन्हात धरली. "यात प्रिझर्व्हेटिव्ह आहे का?"

हिराबाईचं एक आहे. तिला एखादी गोष्ट कळली नाही, तर ती संपलेली असते.

"संपलं ताई," ती म्हणाली. "उद्या या."

"आणि आर्टिफिशिअल कलर?"

"तोपन संपला. सकालीच संपला."

बाईंचा चेहरा असा खुलला की काय सांगू. म्हणाल्या, "किती प्रामाणिक माणसं आहेत," आणि उरलेल्या सगळ्या बरण्या घेऊन गेल्या. मी बाहेर आले तर फळी रिकामी.

"काय बोललीस त्यांना?"

"काय नाय," हिराबाई म्हणाली. "जे नाय ते नाय म्हनून सांगितलं."

* * *

श्रावणातली गोष्ट. सोमवार होता. वहिनींचा उपास असतो, आणि तो त्या कडक पाळतात. दुपारी गर्दी ओसरली तशा त्या खाटेवर टेकल्या. समोर सारिकाने केलेली बरणी उघडी होती. बोलता बोलता वहिनींनी एक चकती उचलली. मग दुसरी. गप्पा चालूच. मी आणि हिराबाईने एकमेकींकडे पाहिलं. म्हटलं खाऊ दे बिचारीला. पण सारिका सरळ मनाची. सासूचा उपास मोडू नये म्हणून घाईने म्हणाली, "आई, त्यात मोहरी हाय."

वहिनींचा हात तोंडाशीच थांबला. आम्हाला वाटलं, आता काय करतात. वहिनींनी चकती नीट निरखली.

"मला सांग," त्या म्हणाल्या, "ही कोशिंबीर हाय ना?"

"तुमीच म्हणता कोशिंबीर."

"कोशिंबीर हाय तर मंग मोहरी कशाला घातलीस?"

वहिनींनी हातातली चकती तोंडात टाकली, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "तुझ्यापायी माझा उपास मोडला."

त्या दिवशी सारिका घरी जाताना माझ्याबरोबर गावाच्या वेशीपर्यंत हसत आली. मग एकाएकी थांबली. "ताई," ती म्हणाली, "चांगलं झालं असंल तरच माणूस दुसरी उचलतो ना?"

"दुसरी नाही," मी म्हटलं, "मी मोजल्या नाहीत, पण बऱ्याच उचलल्या."

* * *

मला तेव्हापासून वाटायला लागलं की आता एक धक्का दिला की गाडी चालू होईल. मी एक युक्ती केली. एक बरणी मी घातली, एक सारिकाने. सारख्याच बरण्या, सारख्याच काकड्या. वहिनींना म्हटलं, "चव सांगा बघू. कुठली जास्त पाठवू नयनाच्या ऑफिसात?"

वहिनींनी दोन्हींतली एकेक चकती खाल्ली. डोळे मिटले. परत खाल्ली. मग एका बरणीवर बोट ठेवून ठामपणे म्हणाल्या, "ही सुनंदाची. हिच्यात आंबट-गोड बरोबर पडलंय. दुसरीत मीठ पुढं झालंय."

"वहिनी," मी म्हटलं, "तुम्ही बोट ठेवलंय ती सारिकाची. मीठ पुढं झालेली माझी."

मी जिंकले असं मला वाटलं. वहिनी जराही हलल्या नाहीत.

"बघ," त्या सारिकाला म्हणाल्या, "सुनंदाच्या हाताखाली राहून किती शिकलीस."

* * *

आता म्हशाच्या जत्रेचं सांगते.

म्हशाला पौषात मोठी जत्रा भरते. बैलांचा बाजार, घोंगड्या, भांडी, पाळणे, आणि लांबलांबची माणसं. यंदा आमच्या गटाने तिथे भाकरीचा स्टॉल लावला. थंडी चांगली होती. चुलीपाशी वहिनी, काकडीच्या बरण्यांपाशी सारिका, ताटल्या वाढायला हिराबाई आणि गिऱ्हाइकांशी बोलायला मी. बैलांच्या धुळीने आमचे सगळ्यांचे केस एका रंगाचे झाले होते.

दुपारी वहिनींच्या विहीणबाई आल्या. वहिनींची मुलगी वैशाली मुरबाडच्या पलीकडे दिलेली आहे, तिच्या सासूबाई. हातावर नवी घोंगडी टाकलेली. आम्ही त्यांना सावलीत बसवलं. वहिनींनी आपल्या हाताने भाकरी वाढली, सारिकाने काकडी.

विहीणबाई माणूस चांगला. मोकळं बोलणार, मोकळं खाणार. काकडी त्यांनी एकदा मागितली, दोनदा मागितली, तिसऱ्यांदा सारिकाने बरणीच पुढ्यात ठेवली.

"काय चव हाय गो हाताला," त्या म्हणाल्या. "लोणचं कोणी घातलं?"

सारिका चुलीत लाकूड सारत होती. तिने मान वर केली नाही, पण लाकूड सारायची थांबली.

वहिनी म्हणाल्या, "गटाचं हाय."

कोशिंबीर म्हणायचं त्या विसरल्या, हे मी मनात टिपून ठेवलं. सारिकाने लाकूड आत सारलं.

विहीणबाईंनी बोटं चाटली. "तुमच्याकडं आख्खा गट लोणचं घालतो. आन आमची वैशाली."

वहिनींनी नवी भाकरी थापायला घेतली होती. "काय झालं वैशालीला?"

"काय नाय झालं. पोरगी गुणाची हाय, मी कधी नाव ठेवनार नाय. शेतात म्हनाल तर दोन गड्यांचं काम करते. पण मागल्या सालात कैरीचं घातलं व्हतं तिनं, वरती आख्खी बुरशी. लोणच्याला हात नाय तिचा. मी आता बरनीला शिवू देत नाय. सगल्यांना सांगून ठेवलंय घरात."

त्या हे वाईट मनाने बोलत नव्हत्या. पोळी जमत नाही असं सांगावं, तितक्या सहज सांगत होत्या. वर पाण्याचा तांब्याही मागितला.

मी तांब्या दिला. पाणी ओतलं ते भरलेल्या पेल्यात ओतलं, सगळं सांडलं. हिराबाई, जी कशावरही बोलते, ती समोरच्या बैलाची शिंगं बघत बसली. वहिनींच्या हातातली भाकरी परातीत फाटली. वहिनींची भाकरी फाटलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. त्यांनी ते पीठ गोळा केलं, परत मळायला घेतलं. मळत राहिल्या.

मग म्हणाल्या, "हाताचं काय असतं विहीणबाय?"

"म्हंजी?"

"म्हणजे हातानं काय नासतं काय? बरणी ओली राहिली असंल. नाय तर कैऱ्या नीट सुकल्या नसतील. तेल कमी पडलं असंल. त्यात पोरीच्या हाताचा काय दोष?"

"असंल बाय," विहीणबाई म्हणाल्या. "पण आपल्यात मानतात ना असं."

"मानतात ते मानू दे. तुमी नका मानू." वहिनींचा आवाज चढला नव्हता, पण पीठ मळायचा जोर वाढला होता. "एकदा नासलं म्हणून जन्मभर बोल लावायचा? शिकली नव्हती, शिकंल. तिला बरणी तरी द्या. हातच लावू दिला नाय तर जमणार कधी?"

एवढं बोलून त्या थांबल्या. त्यांच्या मागे दोन हातांवर सारिका उभी होती. तिच्या हातात बरणीतला चमचा तसाच होता, त्यातून पाणी ठिपकत होतं. वहिनींनी मागे वळून पाहिलं नाही. वळायला हवं होतं, हे त्यांनाही माहीत होतं, कारण त्यांची मान लालबुंद झाली होती.

विहीणबाई विचारात पडल्या. "तुमचं खरं हाय," त्या म्हणाल्या. "या साली तिलाच घालू देते. मी नुसती बाजूला बसेन." मग उठल्या, घोंगडी झटकली, आणि जाता जाता सारिकाच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "नशीबवान हायस गो. अशी सासू भेटायला भाग्य लागतं."

सारिका वाकून त्यांच्या पाया पडली. त्या गर्दीत दिसेनाशा होईपर्यंत ती बघत राहिली.

बाहेर कोणीतरी बैलाच्या दातांवरून भांडत होतं, पाळण्याचा भोंगा वाजत होता, आणि आमच्या चुलीवर तवा एकटाच तापत होता. एवढ्या वर्षांत सारिका काय बोलेल याच्या मी मनात किती गोष्टी जुळवल्या होत्या. त्यातली एकही ती बोलली नाही.

"आई," ती म्हणाली, "तवा तापलाय. टाका भाकरी."

वहिनींनी भाकरी टाकली.

संध्याकाळी टेम्पोतून परत येताना वहिनी मागे पडणारा रस्ता बघत बसल्या होत्या. हिराबाईने दोनदा जत्रेचा विषय काढून बघितला. शेवटी तिनेही पदर कानावरून घेतला आणि डोळे मिटले. सारिका आणि वहिनी शेजारी शेजारी बसल्या होत्या. गार वारा लागत होता, म्हणून दोघींनी एकच चादर पांघरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडवर पोहोचले, तेव्हा कमळवहिनी विळी घेऊन बसल्या होत्या, आणि सारिका सांगत होती तशा काकडीच्या चकत्या करत होत्या.